देवावर भरवसा: सकाळपासून रात्रीपर्यंत नेमकं काय करायचं?

पायरी:
'देवावर सोपव' हे वाक्य प्रवचनात ऐकू येतं, आजाऱ्याला भेटायला आलेले म्हणतात, वॉट्सॅपवर तर रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट येतं. पण सोपवायचं म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत करायचं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. प्रश्न तीन.

नोकरी-घर सांभाळणाऱ्या कॅथलिक माणसाने प्रार्थनेचा कमीत कमी किती सांगाडा ठेवावा? काळजी वाटली म्हणजे विश्वास कमी पडला असं समजायचं का? आणि आपण करायचं किती, देवावर सोडायचं किती, ही रेघ कुठे मारायची?

एक विनंती. साक्षी (देवाने माझ्यासाठी काय केलं याचे अनुभव) नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे फक्त पद्धत, वेळ, आणि कुठे का चुकतं, एवढंच लिहा.

घंटानाद:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. चार गोष्टी पुरेत. उठल्यावर दिवसाचं अर्पण (एक मिनिट), दुपारी आंजेलस ही मरियेची छोटी प्रार्थना (दोन-तीन मिनिटं), रात्री विवेकपरीक्षण, म्हणजे देवासमोर दिवसाचा आढावा (दहा मिनिटं), आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. म्हणजे रोजची जेमतेम पंधरा मिनिटं.

अर्पण पाठ केलेलं असो की स्वतःच्या शब्दांत, त्यात आजच्या दिवसातली एक अवघड गोष्ट नाव घेऊन आली पाहिजे. 'आजचा सगळा दिवस तुझा' म्हणायला काही लागत नाही. 'अकराची बैठक आणि तिथे समोर बसणारा तो माणूस, दोन्ही तुझ्या हाती' म्हणताना जीभ अडते. जिथे अडते तीच गोष्ट रात्री तपासायची. आणि हे फोन हातात घेण्याआधी. मेसेज वाचून झाले की मन आधीच कुठेतरी पोचलेलं असतं.

आंजेलसची परंपरेतली वेळ सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा. तीन वचनं, प्रत्येकामागे एक नमो मरिया, शेवटी प्रार्थना. तिन्ही वेळा जमत नसेल तर दुपारची धरा, कारण तोवर सकाळचं अर्पण हमखास विसरलेलं असतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती उत्साहात. उपवासकाळ (ईस्टरआधीचा) सुरू झाला की लोक एकदम पूर्ण जपमाळ, सकाळ-संध्याकाळची स्तोत्रप्रार्थना, एक नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि रोजची मिस्सा असं सगळं अंगावर घेतात आणि पंधरवड्यात सगळंच सोडतात. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ मध्येच लिहून ठेवलंय की बिशपने कार्थुजियन मठवाशासारखं एकांतात राहायचं ठरवलं, किंवा संसारी माणसाने कपुचिन साधूसारखी शिल्लकच टाकायची नाही म्हटलं, तर ती भक्ती हास्यास्पद आणि बेशिस्त होईल. ज्याची जशी जबाबदारी तशी त्याची भक्ती. तान्हं मूल घरात असलेल्या आईने पहाटे तासभर ध्यान केलंच पाहिजे असं चर्च कुठेही म्हणत नाही.

चर्चची किमान अट तर याहून आटोपशीर आहे: रविवारी व सक्तीच्या सणांना मिस्सा, वर्षातून एकदा तरी पापनिवेदन (फादरांपुढे पापं कबूल करणं), निदान पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या काळात) ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घेणं, नेमलेल्या दिवशी उपवास व मांसवर्ज्य, आणि चर्चच्या गरजांना यथाशक्ती हातभार. हा तळ आहे. याच्या खाली जाऊ नका, बाकी चढायला आयुष्य पडलंय.

अर्धविराम:
घंटानाद यांनी विवेकपरीक्षणाला दहा मिनिटं दिली, पण ती कशी वापरायची ते राहिलं. बहुतेक जण इथेच अडतात, म्हणून जरा विस्ताराने.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात (पोप तिसरे पॉल यांची मान्यता १५४८ ची) याचे पाच टप्पे आहेत. आधी आभार. मग आपली पापं ओळखण्याची कृपा मागणं. मग उठल्यापासून आत्तापर्यंतचा तासातासाचा आढावा: विचार, बोलणं, कृती या क्रमाने. मग क्षमा. शेवटी देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय आणि 'हे आमच्या बापा'.

दहा मिनिटांची वाटणी अशी करता येते: आभाराला दोन, कृपा मागायला एक, आढाव्याला चार, क्षमेला एक, उद्याला दोन.

आभार मोघम नकोत. 'कुटुंबासाठी आभार' रोज म्हटलं की चौथ्या दिवशी ते तोंडातल्या तोंडात म्हणून होतं. आज घडलेल्या तीनच गोष्टी घ्या, कितीही बारीक असोत. आढाव्यातही तेच. 'आज चिडचिड झाली' यावरून काही कळत नाही. 'जेवणानंतरच्या फोनवर, पैशाचा विषय निघाल्यावर, समोरच्याचं वाक्य तोडून बोललो' यावरून कळतं. मग उद्याचा निश्चयही तेवढाच नेमका करता येतो: पैशाचा विषय निघाला की समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचं.

भरवशाचा अभ्यास इथेच होतो. आढावा घेताना दोन खुणा करा: आज कुठे सगळं माझ्याच अंगावर आहे असं समजून धावलो, आणि कुठे माझं काम टाळून त्याला 'देवाची इच्छा' म्हटलं. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

चुकतं कुठे? एक, आभार गाळून थेट चुकांवर जाणं. असं केलं की परीक्षणाचा पंचनामा होतो आणि आठवड्याभरात माणूस त्याला कंटाळतो. दोन, अंथरुणात पडून करणं. झोप लागतेच. जेवणाआधी खुर्चीत बसून करा. तीन, चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एका रात्री तीन दिवसांचं करणं. गेला दिवस गेला, आजचं करा.

मेणबत्ती:
अर्धविराम, सुरेख. त्याच साधनेतल्या 'एका दोषाच्या परीक्षणा'बद्दलही लिहा ना. ते फारसं कुणाला माहीत नसतं.

अर्धविराम:
लिहितो. एकच दोष निवडायचा, दोन नाहीत. सकाळी उठताना आज तो टाळायचा असं ठरवायचं. दुपारी जेवणानंतर मोजायचं आणि रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा मोजायचं. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन आडव्या रेघा: वरची पहिल्या मोजणीची, खालची दुसरीची. जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके. सात दिवसांच्या सात जोड्या एका पानावर मावतात. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, कालची आजच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा.

त्यात एक छान बारकावा आहे. चूक घडली त्या क्षणी छातीवर हात ठेवायचा आणि मनातल्या मनात खेद मानायचा. इग्नेशियस मुद्दाम सांगतात की हे चारचौघांतही करता येतं, कुणाच्या लक्षात येत नाही.

अतिकाळजीसाठी हे वापरायचं असेल तर मनात काळजी आली हे मोजू नका, ते आपल्या हातात नसतं. काळजीपोटी केलेली कृती मोजा: तोच मेसेज पुन्हा उघडणं, तोच प्रश्न घरात तिसऱ्यांदा विचारणं, रात्री उठून शिल्लक तपासणं. कृती मोजता येते आणि थांबवताही येते.

मेणबत्ती:
दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. काळजी वाटली म्हणजे विश्वास कमी, ही समजूत फार लोकांना छळते.

गेथसेमनी बागेत येशू 'अतिशय खिन्न' होता असं शुभवर्तमानच सांगतं. मत्तय २६ मध्ये त्याने तीच प्रार्थना तीनदा केली, तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं आणि काटा निघाला नाही (२ करिंथ १२). स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन वचनांत 'किती काळ?' हा सवाल चार वेळा आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. चर्च ही स्तोत्रं आपल्या रोजच्या प्रार्थनेत म्हणतं. तक्रार देवापाशी घेऊन जाणं ही प्रार्थनाच आहे. ती देवाला सोडून बाकी सगळ्यांपाशी मांडत बसलो, तर मात्र आपण स्वतःला विचारावं.

मत्तय ६ मधले 'आकाशातले पक्षी' सगळ्यांना पाठ असतात, पण ३४ वं वचन वगळलं जातं: ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. म्हणजे दुःख येणार हे गृहीतच आहे, उद्याचं आज उचलू नका एवढंच सांगितलंय.

करायचं काय, तर कागदावर दोन रकाने. डावीकडे काळजी एका वाक्यात. उजवीकडे त्याबाबत येत्या चोवीस तासांत माझ्या हातून होण्यासारखी एक कृती. उदाहरणार्थ डावीकडे 'तपासणीचा अहवाल वाईट आला तर'. उजवीकडे 'उद्या दहाला फोन करून अहवाल कधी मिळेल ते विचारणे'. उजवा रकाना रिकामा राहिला, तर ती काळजी आजच्यापुरती आपल्या कामाची नाही. ती नाव घेऊन प्रार्थनेत मांडायची: 'प्रभू, हा अहवाल. मला तो चांगला हवा आहे. पण माझी नको, तुझी इच्छा होवो, आणि जे येईल ते झेलायचं बळ दे.' तीन वाक्यं, याच क्रमाने. मधलं वाक्य गाळू नका. काय हवंय ते न सांगता थेट 'तुझी इच्छा' म्हणणं वरून नम्र दिसतं, पण आतली मागणी तशीच दबलेली राहते आणि नंतर रागाच्या रूपाने बाहेर येते. येशूनेही आधी 'हा प्याला टळून जावो' म्हटलं, मग पुढचं.

काळजी पुन्हा येईल, अर्ध्या तासात येईल. तेव्हा सगळं पुन्हा मांडत बसू नका. 'ते दिलंय' एवढं म्हणा आणि हातातलं काम पुढे चालवा.

रोखठोक:
सगळं ठीक. पण मग विमा, बचत, डॉक्टर हे सगळं अविश्वासाचंच लक्षण नाही का? एका प्रार्थनासभेत औषधं बंद करा असं जाहीर सांगताना ऐकलंय.

घंटानाद:
नाही, आणि हे ठाम सांगायला हवं. सिराखच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय काढा (प्रॉटेस्टंट बायबलच्या बहुतेक आवृत्त्यांत तो नसतो, आपल्यात आहे). वैद्याचा मान राख, त्याला प्रभूने निर्माण केलंय. औषधं प्रभूने जमिनीतून उगवली, शहाणा माणूस ती झिडकारत नाही. आजारात प्रार्थना कर, आणि मग वैद्याला वाट दे. आधी प्रार्थना की आधी डॉक्टर, हा वादच तिथे नाही. लूक १४ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशोब करतो.

उलट बाजूही बायबलमध्येच आहे. मंदिराच्या टोकावर सैतानाने स्तोत्र ९१ चा दाखला दिला: उडी टाक, देवदूत झेलतील. येशूचं उत्तर: प्रभू तुझा देव याची परीक्षा पाहू नको. कॅटेकिझमच्या (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाच्या) परिच्छेद २११९ मध्ये देवाची परीक्षा पाहणं हे पाप म्हणून नोंदलंय. औषध बंद करून देवाने बरं करून दाखवावं म्हणणं म्हणजे तीच उडी. कुणी व्यासपीठावरून असं सांगत असेल तर धर्मग्रामाच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) फादरांच्या कानावर घाला, आणि गोळ्या वेळेवर घ्या.

मागची बाजू समजायला कॅटेकिझमचे परिच्छेद ३०६ ते ३०८ वाचा. देव आपली योजना निर्मितीच्या हातून पार पाडतो. माणसाची मेहनत, अक्कल, डॉक्टरचा हात हे सगळं त्यात धरलेलं आहे. म्हणून 'माझं किती, देवाचं किती' ही वाटणी रुपयात आठ आणे-आठ आणे अशी होत नाही. काम पूर्ण माझं आणि पूर्ण त्याचं. फळावर मात्र माझा ताबा नाही.

अवांतर: 'सगळं देवावर अवलंबून असल्यासारखी प्रार्थना कर, सगळं तुझ्यावर असल्यासारखं काम कर' हे वाक्य इग्नेशियसच्या नावावर फिरतं. कॅटेकिझमही ते देताना (२८३४) 'त्यांचं म्हणून सांगितलं जाणारं' अशा बेतानेच देतो. १७०५ मध्ये हेवेनेसी नावाच्या हंगेरियन जेझुइटाने (इग्नेशियसच्याच संघातल्या साधूने) छापलेलं रूप जवळपास उलटं आहे: यश सारं तुझ्यावर आहे असं समजून देवावर भरवसा ठेव, आणि सगळं देवच करणार आहे असं समजून कामाला लाग. पहिल्यांदा वाचून डोकं गरगरतं. पण दुसरं रूप जास्त उपयोगी आहे: काम करताना ताण कमी होतो आणि प्रार्थना करताना आळस.

शांतिवन:
नोव्हेनाबद्दल कुणीच बोललं नाही. नऊ दिवस पूर्ण केले की मागितलेलं मिळतं, असं सरसकट मानलं जातं. मधला दिवस चुकला तर पहिल्यापासून सुरू करतात.

अर्धविराम:
नऊ दिवसांचं मूळ प्रेषितांची कृत्यं, अध्याय १ मध्ये. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत) शिष्य मरियेसोबत एकचित्ताने प्रार्थनेत राहिले. ते वाट पाहत होते, देवाकडून काही वसूल करत नव्हते. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. प्रार्थनेचा परिणाम तिच्या बाह्य उच्चारावर किंवा आकड्यावर अवलंबून आहे असं मानणं याला कॅटेकिझम (२१११) अंधश्रद्धाच म्हणतो. 'एकवीस जणांना पाठवा नाहीतर...' वाले मेसेज निःशंक पुसून टाका.

जपमाळेचंही तेच. पाच दशकांना (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांना) साधारण वीस मिनिटं लागतात. घाईत दहा मिनिटांत उरकण्यापेक्षा एकच दशक शांतपणे म्हणा. प्रत्येक दशकाला एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार वैभवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पाच पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडली. दशक सुरू करण्याआधी त्या रहस्याचं एकच दृश्य डोळ्यांसमोर आणा आणि दहा मणी त्यावरच राहा. शब्द विसरले तरी दृश्य राहिलं पाहिजे.

रोखठोक:
आणि नवस? मूल पास झालं तर अमुक तीर्थाला पायी जाईन, वगैरे.

घंटानाद:
नवसाला चर्चच्या कायद्यात जागा आहे, म्हणूनच तो हलक्यात घेऊ नये. कलम ११९१ नुसार नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीबद्दल देवाला विचारपूर्वक, मोकळ्या मनाने दिलेलं वचन. ते पाळणं बंधनकारक. गंभीर आणि अन्याय्य भीतीपोटी केलेला नवस ग्राह्य नाही. भावनेच्या भरात काहीतरी बोलून गेलो आणि आता फेडणं झेपत नाही, असं असेल तर मनातल्या मनात कुढत बसू नका. धर्मग्रामाच्या मुख्य फादरांना योग्य कारण असेल तर त्यातून सूट देता येते. तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत नवस आपला आपणही बदलू शकतो. मनात नुसता विचार आला, तो नवस नव्हे.

आणि नवसात 'तर' जितका मोठा, तितका देवाशी व्यवहार जास्त. मागणं मागा आणि दान वेगळं करा. दोन्हींची गाठ मारू नका.

पायरी:
इथवरचं वाचून पहिले दोन प्रश्न बरेच सुटले. तिसऱ्यातला एक भाग उरतो: मोठा निर्णय. नोकरी बदलायची की नाही, देवाची इच्छा कशी कळणार? डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, असं करणारे पुष्कळ.

अर्धविराम:
बोट ठेवून उघडणं सोडा. हवं ते वचन येईपर्यंत माणूस तीनदा उघडतो, मग चौथ्यांदा कशाला नको?

सगळ्यात जास्त ओढाताण होणारं वचन यिर्मया २९:११, 'तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत'. ते भेटकार्डावर छापतात, पण त्याच्या आधीचं वाचा. हे पत्र बाबेलला बंदी म्हणून नेलेल्या लोकांना आहे. २८ व्या अध्यायात हनन्या नावाच्या खोट्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगून टाळ्या घेतल्या होत्या. यिर्मया सांगतो: सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण परत जाणार नव्हते. तरी त्यांना सांगितलं काय, तर बाग लावा.

निर्णयाची इग्नेशियन पद्धत: प्रश्न एका वाक्यात, हो-नाही उत्तर येईल असा लिहा. दोन्ही पापरहित आणि आपल्या बांधिलकीत बसणारे पर्याय असतील तरच पुढे जा. लग्न मोडायचं का, हा या पद्धतीचा विषय नाही. मग कोणत्याही बाजूला न झुकण्याची कृपा मागा. हे जमत नाही तोवर थांबा, कारण ठरवून झालेलं असताना मागितलेला कौल हा कौल नसतो. चार याद्या करा: बदलण्याचे फायदे, तोटे; न बदलण्याचे फायदे, तोटे. चारही लागतात, कारण एकाचा तोटा म्हणजे दुसऱ्याचा फायदा असं दर वेळी नसतं. कारणांची संख्या मोजू नका, वजन बघा. ठरलं की ते प्रार्थनेत देवापुढे ठेवा आणि काही दिवस थांबा.

अडलात तर त्याच पानांवर आणखी वाटा आहेत: अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला तर मी काय सांगेन? मृत्युशय्येवर असताना काय निवडलेलं मला हवं असेल?

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा: मन कोरडं, अंधारलेलं, खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. त्या काळात प्रार्थना थोडी वाढवावी, निर्णय तसाच ठेवावा.

मेणबत्ती:
कोरडेपणाचा विषय निघालाच आहे तर. प्रार्थनेत काहीच वाटत नाही, ही तक्रार वारंवार येते. वेळ ठरलेली ठेवा. पंधरा मिनिटं ठरवली आणि दहाव्याला उठावंसं वाटलं तर सोळा करा. हा सल्लाही इग्नेशियसचाच. मन भरकटलं तर त्या विचारामागे काठी घेऊन धावू नका, कॅटेकिझम (२७२९) म्हणतो की तसं करणं म्हणजे त्याच्याच सापळ्यात अडकणं. लक्षात आलं की परत या, एवढंच. पन्नासदा भरकटलं तर पन्नासदा परत यायचं. लिझ्यूच्या संत तेरेजाला प्रार्थनेत झोप लागायची आणि तिने ती लपवली नाही. १९९७ मध्ये चर्चने तिला आचार्यपद (थोर शिक्षिकेचा मान) दिलं.

पण एक भेद करा. कोरडेपणा फक्त प्रार्थनेपुरता असेल तर वरचं लागू. झोप, भूक, काम, माणसं सगळ्यातूनच रस उडाला आणि दोन आठवडे तसंच चाललं, तर आधी डॉक्टर. सिराख ३८ इथेही लागू.

शांतिवन:
पापनिवेदनाचं कुणीतरी नीट लिहा. वर्षभराने जायचं तर काय बोलायचं तेच सुचत नाही म्हणून लोक जात नाहीत.

घंटानाद:
आधी घरी तयारी, पंधरा मिनिटं, दहा आज्ञा समोर ठेवून. आत गेल्यावर क्रूसाची खूण, मग 'शेवटचं पापनिवेदन करून अंदाजे इतका काळ झाला'. मग पापं. गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगायची (कलम ९८८). नेमकी आठवत नसेल तर 'महिन्यातून दोनेकदा' असा अंदाज चालतो. पाप गंभीर ठरायला तीन अटी एकत्र लागतात: विषय गंभीर, पूर्ण जाणीव, पूर्ण संमती.

इथे तीन गोष्टी हमखास घडतात. लोक पापाऐवजी परिस्थिती सांगतात ('घरात वातावरणच तसं आहे'). दुसऱ्यांची पापं सांगतात, सासूची तर नेमाने. आणि सगळ्यात अवघड ते शेवटी, फादर बोलायला लागल्यावर, घाईत सांगतात. अवघड ते पहिलं सांगा, बाकीचं आपोआप सोपं होतं. शेवटी 'ही आणि न आठवलेली सर्व पापं' म्हणा, सांगितलेलं प्रायश्चित्त नीट कळलं नाही तर विचारा, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, पापक्षमा ऐका. प्रायश्चित्त चर्चमधून बाहेर पडण्याआधी करून टाका. नंतर करू म्हटलं की राहतं. कुणाचं काही घेतलं असेल तर ते परत करणंही यात आलं. तीन नमो मरिया म्हणून पैसे फिटत नाहीत. खरोखर विसरलेलं गंभीर पाप त्या पापक्षमेत आलं, पुढच्या वेळी फक्त सांगायचं.

जुनं, एकदा सांगितलेलं पाप पुन्हा पुन्हा सांगायची ओढ लागत असेल तर एकच फादर धरा आणि ते 'पुरे' म्हणाले की थांबा. तपासलेलं पुन्हा तपासण्याचा चाळा आयुष्याच्या बाकी भागातही असेल तर त्याला वैद्यकीय उपचार आहेत, ते घ्या. देवाच्या क्षमेवर भरवसा ठेवणं या धाग्याच्याच विषयात येतं.

रोखठोक:
शिफ्टवाल्यांचं काय? रविवारी बारा तासांची पाळी असेल तर? आणि ख्रिस्तशरीर घेण्याआधीचा उपवास मिस्सेपासून मोजायचा का?

घंटानाद:
आदल्या दिवशी संध्याकाळची मिस्सा चालते (कलम १२४८). तीही शक्य नसेल, किंवा आजारी माणसाला एकटं सोडता येत नसेल, तर गंभीर कारणामुळे बंधन उरत नाही, पाप नाही. कायमची अडचण असेल तर फादरांशी बोला, त्यांना सूट देण्याचा किंवा दुसरं सत्कर्म नेमून देण्याचा अधिकार आहे. मोबाइलवर मिस्सा पाहण्याने बंधन पुरं होत नाही. पण ज्याला जाताच येत नाही त्याच्यासाठी ती चांगली प्रार्थना आहे, सोबत आध्यात्मिक कम्युनियन करा, म्हणजे ख्रिस्ताला मनाने ग्रहण करा.

उपवास एक तासाचा आणि तो ख्रिस्तशरीर घेण्याच्या क्षणापासून मागे मोजायचा, मिस्सा सुरू होण्यापासून नाही. पाणी आणि औषध चालतं, चहा नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना हे लागू नाही, तासाच्या आत खाल्लं असलं तरी ते घेऊ शकतात. नेमलेल्या दिवसांचं वेगळं: मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर, उपवास अठरा पूर्ण ते एकोणसाठ पूर्ण. राखबुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन्हींचे दिवस. बाकीच्या शुक्रवारांचे तपशील आपापल्या देशाच्या बिशप परिषदेचे पाहावेत.

पायरी:
शेवटचं, बारीकसं. आंजेलस वर्षभर तेच म्हणायचं का?

मेणबत्ती:
नाही. पुनरुत्थानाच्या रविवारपासून पेन्टेकॉस्टपर्यंत त्याऐवजी 'स्वर्गाच्या राणी, आनंद कर' म्हणतात, आणि परंपरेने उभं राहून. पेन्टेकॉस्टनंतरच्या सोमवारी पुन्हा आंजेलस.